थंडी, चार पौंड आणि पोलिस ठाण्यातला बिछाना

मराठी वाचकाला युरोप नवा नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले, पुढे गंगाधर गाडगीळ 'साता समुद्रापलीकडे' जाऊन आले, आणि पु. लं.ची 'अपूर्वाई' तर घरोघर पोचली. उर्दूत ही परंपरा आणखी मागे जाते. हैदराबादचे युसूफखान कंबलपोश १८३७ साली लंडनला गेले आणि त्यांचा सफरनामा १८४७ मध्ये छापून निघाला. उर्दूतला पहिला सफरनामा म्हणून आम्ही शाळेत मुलांना त्याचे नाव पाठ करायला लावतो. कंबलपोश म्हणजे घोंगडी पांघरलेला. हे नाव फळ्यावर लिहिले की वर्गात हशा पिकतो. विलायतेला निघालेला माणूस आणि अंगावर घोंगडी!

तो हशा मात्र आम्हाला बरेच काही सांगून जातो. आमच्या मनातल्या युरोपात घोंगडी बसत नाही. आमचा प्रवासी बहुधा कुणाच्या तरी निमंत्रणावरून जातो, शिष्यवृत्तीवर जातो, नाहीतर अलीकडे सहल कंपनीच्या बसमधून जातो. थंडी त्याला काचेपलीकडे दिसते, आणि बर्फ म्हणजे फोटोची पार्श्वभूमी. खिशात मोजके पैसे, पाठीवर पिशवी, पायाखाली ओला रस्ता, आणि संध्याकाळी चार वाजताच अंधार पडल्यावर आज रात्री कुठे पडायचे हा प्रश्न, हा युरोप आमच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो.

आमच्या घरात मात्र तो एका खुंटीला टांगलेला होता. आमचे आजोबा बोटीवर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतले कितीतरी मुसलमान पुरुष तसे होते. कुणी सारंग, कुणी भंडारी, आमचे आजोबा आगवाले, म्हणजे इंजिनखान्यात भट्टीवर. त्यांनी एका हिवाळ्यात रॉटरडॅमच्या गोदीबाहेर जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक काळा ओव्हरकोट घेतला होता. कोकणात त्या कोटाचा उपयोग काय? पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या माणसावर तो टाकायचे. आजोबा रॉटरडॅमबद्दल फारसे बोलत नसत. भट्टीसमोरून वर डेकवर आले की घाम अंगावरच गार व्हायचा, एवढेच एकदा म्हणाले होते. त्यांनी पाहिलेल्या युरोपावर कुणी एक ओळ लिहिली नाही. त्यांनी स्वतःही लिहिली नाही.

त्यामुळे पॅट्रिक ली फर्मर यांचे 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' हे पुस्तक हाती आले आणि त्याच्या सुरुवातीलाच १९३३ च्या डिसेंबरातली बोट, हॉलंडचा किनारा आणि पहाटेच्या अंधारातले बर्फाळ रॉटरडॅम दिसले, तेव्हा आम्ही काहीशा हक्काने वाचायला बसलो. आमचे इंग्रजी बी.एड.पुरते. हे इंग्रजी त्याच्या पलीकडचे. पहिल्या पन्नास पानांना आम्हाला तीन आठवडे लागले, आणि शब्दकोशाची शिवण उसवली.

आधी हकिकत सांगतो. अठरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा. शाळेतून काढून टाकलेला, सैन्यात जायचे तेही मनातून उतरलेले, लेखक व्हायचे पण काही लिहून होत नाही. एके दिवशी तो ठरवतो की हुक ऑफ हॉलंडपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत, युरोप पायी ओलांडायचा. खर्चाला आठवड्याला एक पौंड. महिन्याचे चार पौंड वाटेवरच्या गावांतल्या पोस्टात पुढे पुढे येत राहणार. पाठीवरची पिशवी उसनी. तिच्यात इंग्रजी कवितांचा एक जाडजूड संग्रह आणि लॅटिन कवी होरेसचा एक खंड. डिसेंबरात निघण्याचे कारण एवढेच की त्याला तेव्हा निघावेसे वाटले. हॉलंड ओलांडून तो ऱ्हाइन नदीच्या काठाने जर्मनीत शिरतो, नाताळ बिंगेन या गावात काढतो, नव्या वर्षाला हायडेलबर्गला असतो, मग म्युनिक, डॅन्यूबचा काठ, फेब्रुवारीत व्हिएन्ना. पुढे ब्रातिस्लाव्हा, प्राग, आणि १९३४ च्या ईस्टरला हंगेरीच्या सीमेवर एस्टरगोमच्या पुलावर पहिला खंड संपतो.

हे पुस्तक १९७७ साली आले. चाललेला मुलगा अठराचा आणि लिहिणारा माणूस साठी ओलांडलेला. शिवाय त्या हिवाळ्याच्या पहिल्या टप्प्याची वही लेखकाजवळ नव्हती. म्युनिकला युवक वसतिगृहात पिशवी ठेवून हे चिरंजीव प्रसिद्ध बिअरगृहात गेले, इतके प्याले की एका सुताराने उचलून स्वतःच्या घरी नेऊन झोपवले, आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहात परतून पाहतात तो पिशवी चोरीला गेलेली. पैसे, पासपोर्ट, कवितांचे पुस्तक आणि वही, सगळे गेले. (दारूचे दुष्परिणाम या विषयावर आम्ही शाळेत दरवर्षी निबंध देतो. याहून बरे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.) म्हणजे हॉलंड, ऱ्हाइन, हायडेलबर्ग हे जे इतके बारकाईने रंगवले आहे, ते चाळीस वर्षांनंतर आठवणीतून रंगवले आहे.

यावर काही वाचक नाक मुरडतात. एवढे कुणाला आठवते? आम्हाला हा आक्षेप पटत नाही, पण तो उडवूनही लावता येत नाही. हॉलंडबद्दल लेखक स्वतःच सांगतो की त्याला तो देश आधीपासून ओळखीचा वाटला, कारण डच चित्रकारांच्या चित्रांत त्याने तो पाहिला होता. म्हणजे पाहणे आणि आठवणे यांच्यामध्ये चित्र आहे, आणि ते आहे हे तो लपवत नाही. उर्दू सफरनाम्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे सफरनामा आणि दास्तान यांच्या घरांना एकच भिंत आहे. प्रश्न वेगळा आहे. साठ वर्षांच्या माणसाची विद्वत्ता अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी घातली की थंडी कमी होते. मेल्कच्या मठाची पाने पाहा. छत, सोनेरी नक्षी, उजेड यांची वाक्ये एकावर एक चढत जातात, आणि बाहेर फेब्रुवारी आहे, मुलाचे बूट ओले असणार, हे आपण विसरून जातो. लेखकही विसरलेला असतो. अशा पानांवर आम्ही पेन्सिलीने 'बूट?' असे लिहून ठेवले आहे.

पण जिथे बूट आठवतात तिथे हे पुस्तक फार मोठे होते. हॉलंडमध्ये त्याला कळते की गरीब वाटसरूने पोलिस ठाण्यात जाऊन विचारले तर कोठडीत रात्रभर झोपायला जागा मिळते, आणि सकाळी निघताना कॉफी-पाव. कोठडीत, पण गुन्हेगार म्हणून नव्हे. जर्मनीत याहून पुढची रीत आहे. गावच्या बर्गोमास्टरकडे, म्हणजे नगराध्यक्षाकडे जायचे, आपण पायी फिरणारा विद्यार्थी आहोत असे सांगायचे. तो एक चिठ्ठी लिहून देतो, ती गावातल्या खाणावळीत दाखवायची. रात्रीचे जेवण, बिअरचा मग, बिछाना, सकाळची न्याहारी, सगळे गावाच्या खर्चाने. मध्ययुगात विद्यापीठा-विद्यापीठांतून भटकणाऱ्या विद्यार्थ्यांपासून ही रीत चालत आली असावी, असे लेखकाला वाटते.

हे आम्ही नववीच्या वर्गात उर्दूतून सांगितले. एका मुलाने विचारले, "सर, आधार कार्ड नहीं माँगा?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग लक्षात आले की प्रश्न हसण्यासारखा नाही, समीक्षेचाच आहे. त्या चिठ्ठीमागे काय होते? भाषा अजून नीट येत नसलेला एक परका पोरगा संध्याकाळी दारात उभा राहतो आणि त्याला पाहून नगराध्यक्ष लेखणी उचलतो, ते त्याच्यात काय पाहून?

आमच्या परंपरेत याला उत्तर आहे, निदान कागदावर. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकात कुणाला द्यावी याची आठ कलमे आहेत, आणि त्यांतले शेवटचे इब्नुस्सबील, म्हणजे रस्त्याचा मुलगा, वाटसरू. फिकहचे जाणकार सांगतात की हा माणूस आपल्या गावी गरीब असायलाच हवा असे नाही. घरी त्याचे पैसे असतील, पण इथे, या क्षणी, हात रिकामा आहे. तेवढे पुरते. व्हिएन्नामध्ये ली फर्मर तंतोतंत असा इब्नुस्सबील होतो. चार पौंडांचे पत्र पोस्टात आलेले नाही, म्हणून तो साल्व्हेशन आर्मीच्या आश्रयगृहात उतरतो, आणि तिथे त्याला कोनराड भेटतो. कोनराड फ्रीजियन बेटांवरचा, शेक्सपिअर वाचून इंग्रजी शिकलेला, त्यामुळे त्याचे इंग्रजी बोलणे तीनशे वर्षांपूर्वीच्या नाटकातले. या दोघांची पाने पुस्तकात सर्वांत जिवंत आहेत. कोनराडच्या सल्ल्याने ली फर्मर दारोदार जाऊन लोकांची रेखाचित्रे काढतो, थोडे पैसे घेतो, आणि कोनराड खाली रस्त्यावर वाट पाहत उभा असतो. पुढे पैसे आल्यावर त्यांतल्या काहींच्या भांडवलावर कोनराड सॅकरीनच्या चोरट्या व्यापाराला लागतो. घरंदाज भाषेत बोलणारा हा भणंग आम्हाला कुठल्याही सरदारापेक्षा अधिक आवडला. त्याच्याजवळ परत जायला काही नव्हते, आणि लेखकाला ते ठाऊक होते.

त्याच आठवड्यात व्हिएन्नात तोफा चालत होत्या. १२ फेब्रुवारी १९३४ पासून सरकारी फौजा आणि समाजवादी कामगार यांच्यात लढाई झाली, कार्ल मार्क्स होफ या कामगारांच्या वसाहतीवर तोफगोळे पडले. आमच्या नायकाला याची जाणीव धूसर आहे, आणि राजकारणात आपल्याला तेव्हा गोडी नव्हती हे तो मान्य करतो. जर्मनीतही हिटलर सत्तेवर येऊन वर्ष भरत आलेले. सीमेलगतच्या एका गावात दुकानाच्या काचेत नाझी गणवेश मांडलेले त्याला दिसतात. ऱ्हाइनकाठी एक तरुण कामगार त्याला आपल्या माळ्यावरच्या खोलीत झोपायला जागा देतो. खोलीभर हिटलरची चित्रे आणि निशाणे, आणि तो हसत सांगतो की वर्षापूर्वी याच भिंतींवर लेनिन होता. या एका प्रसंगात जेवढा इतिहास आहे तेवढा मोठमोठ्या ग्रंथांत मिळत नाही. ली फर्मर यावर भाष्य करीत नाही. बिछाना मिळाला, आभार मानले, सकाळी पुढे निघाला. आधी हे मौन आम्हाला खटकले. दुसऱ्या वाचनात वाटले की पाहुणचार करणारा हात कुठल्या हाताशी जोडलेला आहे, हे पाहुण्याला त्या रात्री कळत नाही, आणि लेखकाने ते तसेच ठेवले आहे. तरीही इतक्या बहुश्रुत माणसाकडून आम्हाला थोडे अधिक हवे होते.

आता वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. म्युनिकला सगळे गेल्यावर काय झाले? मुलगा ब्रिटिश वकिलातीत गेला. नवा पासपोर्ट मिळाला आणि वर पाच पौंड उसने मिळाले. ओळखीची एक चिठ्ठी जवळ होती, त्या चिठ्ठीवर एका बॅरनच्या घरी मुक्काम झाला, आणि निघताना त्या घराने त्याला होरेसचे सतराव्या शतकातले छोटे पुस्तक भेट दिले. त्या घरातून पुढच्या घरांना पत्रे गेली. इथून पुढे गवताच्या गंजीत झोपणे कमी होत जाते आणि किल्ल्यांतून झोपणे वाढत जाते. हंगेरीत तर त्याच्या बुडाखाली घोडा येतो. आपले भटकेपण आरामशीर झाले याची टोचणी त्यालाही आहे, आणि तो ती दडवत नाही.

तेव्हा कमी खर्च आणि गरिबी या दोन गोष्टी एकीत मिसळून चालणार नाही. ली फर्मर कमी खर्चात फिरला, पण त्याच्यामागे एक वकिलात उभी होती. त्याच काळात आमच्याकडचे खलाशी त्याच रॉटरडॅमला, त्याच लंडनला उतरत होते. त्यांचा करारनामा वेगळा, पगार गोऱ्या खलाशापेक्षा बराच कमी, आणि विलायतेच्या बंदरात नोकरी सोडून राहण्याची मुभा नाही. १९२५ च्या आदेशाने ब्रिटनमध्ये रंगाने काळ्या खलाशांना, आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत याचा कागदी पुरावा नसेल तर, परका म्हणून पोलिसांकडे नोंद करावी लागे. पोलिस ठाणे दोघांच्याही वाटेवर होते. एकाला तिथे बिछाना मिळाला. हे आम्ही ली फर्मरच्या नावे कर्ज म्हणून मांडत नाही. त्याने कुणाचे काही हिरावले नव्हते. पण पुस्तक वाचताना आजोबांचा कोट आम्हाला सारखा दिसत होता, आणि समीक्षकाने काय दिसले ते सांगावे.

तुलनेसाठी दुसरे एक हिवाळी पुस्तक घेतो. जर्मन चित्रपट दिग्दर्शक वेर्नर हेर्त्सोग यांचे, इंग्रजीत 'ऑफ वॉकिंग इन आइस'. १९७४ च्या नोव्हेंबरात त्यांना कळले की पॅरिसमध्ये चित्रपट समीक्षक लोटे आइस्नर मरणाच्या दारी आहेत. आइस्नर जर्मन ज्यू, १९३३ साली देश सोडून फ्रान्सला गेलेल्या. म्हणजे ली फर्मर ज्या वर्षी आत शिरत होता, त्याच वर्षी त्या बाहेर पडल्या. हेर्त्सोग यांनी ठरवले की त्यांना मरू द्यायचे नाही, आणि आपण पायी गेलो तर त्या जगतील. कोट, होकायंत्र, एक पिशवी, नवे बूट घेऊन ते म्युनिकहून निघाले. २३ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर. पाऊस, गारा, बर्फ, चिखल, पायाला फोड, सुजलेली टाच. रात्री कोठारात, नाहीतर बंद असलेल्या सुट्टीच्या घरांची कुलुपे उघडून आत. आइस्नर त्या वेळी वाचल्या, १९८३ पर्यंत जगल्या.

शंभरएक पानांची ही नोंदवही छापण्यासाठी लिहिलेली नव्हती आणि ते जाणवते. वाक्ये तुटकी, मध्येच स्वप्न, मध्येच रस्त्यावरचा कावळा, मध्येच दुधाची पिशवी. हिवाळ्याचे पुस्तक म्हणून आम्ही याला ली फर्मरपेक्षा वर ठेवतो. ली फर्मरच्या पानांत थंडीचे वर्णन आहे, इथे थंडी वाक्यातच शिरली आहे. बोटे आखडलेल्या माणसाला लांब वाक्य लिहिता येत नाही. पण या पुस्तकात माणसे जवळजवळ नाहीत. हेर्त्सोग दार वाजवत नाहीत, ते तोडतात. कुणी आत बोलावले तरी त्यांना अवघडल्यासारखे होते. जकातीच्या आठ कलमांत ते कुठेच बसत नाहीत. त्यांना कुणाकडून काही नकोच आहे, एका म्हातारीचे आयुष्य सोडून. हा नवस आमच्या दर्ग्यांवर पायी जाणाऱ्या लोकांना चटकन समजेल. मौलवी त्याला नावे ठेवतील हेही आम्हाला ठाऊक आहे.

आणि एक विचार सुचतो. रात्री रिकाम्या घराचे कुलूप उघडून आत झोपलेला माणूस जर्मन, गोरा, उंच आहे म्हणून आपण तो प्रसंग कवितेसारखा वाचतो. २०१७ च्या जानेवारीत बेलग्रेडच्या रेल्वे स्थानकामागच्या पडक्या गोदामांत शेकडो तरुण आणि पोरे राहत होती, बरीचशी अफगाण आणि पाकिस्तानी. पारा शून्याच्या खूप खाली. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर जाळून ती शेकत होती आणि त्या धुराने खोकत होती. त्यांच्याजवळही पिशव्या होत्या, मोजके पैसे होते, आणि त्यांनीही युरोपचा बराच भाग पायी कापला होता. डॅन्यूब तिथून हाकेच्या अंतरावर. ली फर्मर तिच्या काठाने उतरला होता, ही मुले उलट वर चढत होती. हंगेरीने सप्टेंबर २०१५ मध्ये सर्बियाच्या सीमेवर कुंपण पुरे केले होते, म्हणून ती अडकली. त्यांच्या पायपिटीला कुणी प्रवास म्हटले नाही.

त्यांच्यातल्या एकाचे म्हणता येईल असे एक पुस्तक आहे, जरी तो आधीचा. गुलवली पासरले यांचे 'द लाइटलेस स्काय', २०१५ साली एका पत्रकार बाईंच्या मदतीने लिहिलेले. २००६ मध्ये बारा वर्षांच्या या मुलाला आईने थोरल्या भावाबरोबर अफगाणिस्तानातून बाहेर पाठवले आणि बजावले की काहीही झाले तरी परत यायचे नाही. भावाची ताटातूट सुरुवातीलाच. इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया, मग बुडता बुडता ग्रीसचा किनारा, इटली, फ्रान्स, कॅलेची झोपडवस्ती, आणि वर्षभराने इंग्लंड. तिथे त्याचे वय खरे मानायला अधिकारी तयार नाहीत. तोच मुलगा २०१२ मध्ये ऑलिम्पिकची मशाल घेऊन धावला.

साहित्य म्हणून हे पुस्तक ली फर्मरच्या जवळपासही नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्या माणसाचे म्हणून सवलतीचे गुण देण्याची खोड आम्हा मास्तरांना असते, ती इथे आवरतो. भाषा सपाट आहे, प्रसंगामागून प्रसंग येतात, आणि मदतनीसाचा हात सगळीकडे जाणवतो. दलालांच्या गाडीत बंद असलेल्या मुलाला देश दिसतच नाही. बल्गेरिया म्हणजे एक अंधारी खोली. त्यामुळे प्रवासवर्णनाचा जो पाया, पाहणे, तोच इथे नाही. तरीही ली फर्मरनंतर लगेच हे वाचा. एकाच्या पुस्तकात प्रत्येक दार उघडते आणि दुसऱ्याच्या पुस्तकात दार उघडले की मूल पळते. पासरलेला भेटलेल्या दयाळू माणसांची पाने थोडी आहेत, पण ती तो विसरलेला नाही, आणि तिथे त्याची सपाट भाषाही किंचित ओलावते.

याच वाटेवर एक भारतीय जोडीही आठवते. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन १९६२ साली अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनला गेले. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले. हे आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा, ज्यांनी कुरआनातल्या निवडक आयतींचे संकलन केले. त्यांनी सल्ला दिला की जवळ पैसे मुळीच ठेवू नका. पैसे असले की तुम्ही खाणावळीत जेवाल, हॉटेलात झोपाल, आणि माणूस भेटणार नाही. चार पौंडांनाही रजा! आणि पहिलीच सीमा पाकिस्तानची. तिथे त्यांना लोकांनी घरात घेतले. सतीशकुमारांच्या 'नो डेस्टिनेशन' या आत्मकथनात हे आले आहे. मराठीत विनोबांवर एवढे लिहिले गेले, पण त्यांच्या या सल्ल्याकडे प्रवास-साहित्याच्या अंगाने कुणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

ली फर्मरच्या दुसऱ्या खंडातले एक प्रकरण मुसलमान वाचकाने चुकवू नये. हिवाळा सरून ऑगस्ट आला आहे, आणि डॅन्यूबच्या पात्रात अदा कले नावाचे बेट लागते. तुर्की साम्राज्य मागे हटले तेव्हा तिथले तुर्क तिथेच राहून गेले. मशीद, फेज टोप्या घातलेले म्हातारे, कॉफी, गुलकंदासारखा गुलाबाचा गोडवा. भाषा कळत नसलेल्या या पोराला ते बसवून घेतात. पुढे नदीवर धरण झाले आणि १९७० च्या सुमारास बेट पाण्याखाली गेले. मशिदीतला मोठा गालिचा रुमानियातल्या कॉन्स्टँत्साच्या मशिदीत नेला, एवढेच उरले. धरणाखाली गेलेली गावे मराठी वाचकाला माहीत आहेत. कोयनेकाठच्या माणसाला हे प्रकरण आमच्यापेक्षा अधिक भिडेल.

पुस्तकाच्या नावातली 'गिफ्ट्स', भेटी, हा शब्द लुई मॅकनीस यांच्या एका कवितेतून घेतला आहे, पण लेखकाने तो पदरचा करून दाखवला आहे. चाळीस वर्षे उलटल्यावरही कुणी सफरचंद दिले, कुणी जाकीट दिले, कुणी खांद्यावर हात ठेवला, याचा हिशेब त्याने चुकता ठेवला. आमच्या अलीकडच्या प्रवासवर्णनांत हिशेब असतो तो युरोचे रुपये केल्याचा. कॉफी इतक्याला पडली, संग्रहालयाचे तिकीट तितक्याला. कमी पैशांत फिरणाऱ्या तरुण लेखकांतही हीच फुशारकी शिरली आहे, अमुक देश किती स्वस्तात उरकला याची. स्वस्त म्हणजे तो भार दुसऱ्या कुणीतरी उचलला, हे ली फर्मरला कळत होते, म्हणून त्याने त्या दुसऱ्या माणसाचे नाव, चेहरा, स्वयंपाकघर लिहून ठेवले.

तिसरा खंड त्याच्या हातून पुरा झाला नाही. २०११ मध्ये तो गेला, आणि २०१३ मध्ये 'द ब्रोकन रोड' या नावाने दोघा संपादकांनी तो जुन्या मसुद्यावरून प्रसिद्ध केला. त्यात पुन्हा थंडी आहे. बल्गेरियाचा किनारा, काळोखात समुद्रात पडणे, गुहेत मेंढपाळ आणि कोळ्यांनी शेकोटीजवळ घेणे. कॉन्स्टँटिनोपल थोडे पुढे राहिले असताना मजकूर एका वाक्याच्या मध्येच तुटतो. शहराबद्दल उरल्या आहेत त्या वहीतल्या त्रोटक नोंदी. या खंडाची भाषा पहिल्या दोन खंडांसारखी घासूनपुसून लखलखीत केलेली नाही, आणि जाणकार इंग्रज वाचक त्याबद्दल हळहळतात. आमची शब्दकोश उघडण्याची वेळ मात्र तिथे कमी आली. त्या पानांवर 'बूट?' असे आम्हाला एकदाही लिहावे लागले नाही.